‘फुकट’ ॲप आणि खात्यातून जाणारे पैसे

प्रश्न : मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांची पीडीएफ करणारं एक ॲप घेतलं. ‘फ्री’ लिहिलं होतं. तीन दिवसांच्या ट्रायलसाठी यूपीआय पिन मागितला, तो दिला. काम झाल्यावर ॲप काढून टाकलं, तरी दर आठवड्याला १९९ रुपये जातात. ओटीपीसुद्धा येत नाही. हे थांबवायचं कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, कारण ती फोनला नव्हे तर तुमच्या गूगल खात्याला जोडलेली असते. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ‘सबस्क्रिप्शन्स’ निवडा. त्या ॲपच्या नावावर दाबलं की ‘कॅन्सल सबस्क्रिप्शन’ दिसेल. पुढे कारण विचारतात, कोणतंही द्या. शेवटच्या पानावर पुन्हा एकदा ‘कॅन्सल’ दाबेपर्यंत काहीच रद्द झालेलं नसतं आणि बरेच जण नेमके तिथूनच मागे फिरतात. यादीत परत जाऊन वर्गणी रद्द झाल्याचं दिसतंय ना, ते पाहा.

यादी रिकामी दिसली तर फोनमध्ये दुसरं जीमेल खातं आहे का बघा. प्रत्येक खात्याच्या मेलमध्ये ‘जीपीए’ ही इंग्रजी अक्षरं शोधा. प्ले स्टोअरच्या पावतीवरचा ऑर्डर क्रमांक त्यांनीच सुरू होतो. पावती ज्या मेलवर आली, वर्गणी त्याच खात्यावर आहे. पावती कुठेच नसेल, तर पैसे ॲपवाल्याच्या वेबसाइटवरून परस्पर भरले गेले असण्याची शक्यता जास्त. मग रद्दही तिथे लॉगिन करूनच करावं लागतं.

आता ओटीपीचं. ट्रायल सुरू करताना दिलेला पिन म्हणजे ‘ऑटोपे’ला, अर्थात ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला दिलेली संमती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी संमती एकदा दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. आठवड्याला १९९ म्हणजे वर्षाला १०,३४८ रुपये होतात, पण मर्यादा एकेका हप्त्याला असल्यामुळे कुठेच अडत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मात्र यायलाच हवी. ती बहुतेकदा कर्जाच्या जाहिरातींच्या एसएमएसमध्ये हरवते.

प्ले स्टोअरमधलं काम झाल्यावर तुमच्या यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ उघडा आणि तिथली संमतीही पिन टाकून रद्द करा. क्रम हाच ठेवा. नुसती ऑटोपेची संमती काढली आणि प्ले स्टोअरमध्ये पर्यायी म्हणून एखादं कार्ड जोडलेलं असलं, तर वर्गणी त्या कार्डावरून वसूल होऊ शकते.

प्रश्न : ट्रायल काल रात्री संपली आणि वर्षाचे पैसे एकदम कापले गेले. परत मिळतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आजच अर्ज करा. अँड्रॉइडवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे परतावा मागता येतो. प्ले स्टोअरच्या वेबसाइटवर ऑर्डर हिस्टरीमध्ये त्या खरेदीसमोर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ असतं. ४८ तास उलटले तर आधी ॲप बनवणाऱ्याकडे मागणी करावी लागते, त्याचा ईमेल ॲपच्या पानावर असतो. आयफोनवर ॲपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावरून अर्ज करा. परतावा मिळेलच याची हमी कुठेच नाही. शिवाय परतावा मागणं आणि वर्गणी रद्द करणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही करा. आयफोनची ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

रद्द करण्याची वाट मुद्दाम लपवलेली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला मनाई आहे. पैसे मागणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा.

प्रश्न : डाउनलोड करण्याआधीच हे ओळखता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बऱ्याच अंशी. ॲपच्या नावाखाली ‘इन-ॲप पर्चेसेस’ लिहिलंय का बघा. ‘अबाउट धिस ॲप’ उघडून अगदी खाली गेलं की किमान आणि कमाल किंमत दिसते. रिव्ह्यू ‘न्यूएस्ट’ क्रमाने लावून एक तारावाले वाचा, पैसे कापल्याच्या तक्रारी तिथेच सापडतात. ॲप उघडताच पैशांचं पान आलं तर कोपऱ्यात फिकट फुली शोधा. ती काही सेकंद उशिरा उमटते, आणि ती दाबल्यावर पुष्कळदा ॲप मर्यादित पण फुकट चालतं.

सगळ्या वर्गण्या वाईट नसतात. रोज नवा मजकूर देणाऱ्या किंवा तुमच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळणाऱ्या ॲपला दरमहा खर्च असतो. कागद स्कॅन करण्याचं काम मात्र फोनमध्येच होतं, त्यासाठी आठवड्याला पैसे मागणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, आयफोनवर नोट्समध्ये. दोन्हीकडे अनेक पानं एकाच फाइलमध्ये जोडता येतात आणि एक पैसा लागत नाही.