लॅपटॉपवर छान दिसतं, नाट्यगृहात बिघडतं: व्हिज्युअलायझरबद्दल माझा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला आणि आठ-नऊ वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. कॉलेजची एकांकिका, तुमच्यासारखाच ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, पैशांची ओढाताण. व्हिज्युअलायझरमध्ये, म्हणजे नाटकाची प्रकाशयोजना आधीच लॅपटॉपवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, देखणा दिसणारा प्रसंग प्रत्यक्षात सपाट आणि मळका दिसला, म्हणून आता दुसरं, विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं तुम्ही विचारताय. माझं स्पष्ट मत: इतक्यात घेऊ नका. माझी फसगत झाली तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. तुमचाही तसाच प्रकार असावा असं वर्णनावरून वाटतं.

मी फक्त नाटकांचे लाईट्स करतो. कॉन्सर्ट किंवा इव्हेंटवाल्यांच्या गरजा वेगळ्या असतात, त्यांना माझं म्हणणं पटणार नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

आमचा प्रयोग एका जिल्ह्याच्या गावी होता. नाट्यगृहाचं नाव घेत नाही. रंगमंचाचा नकाशा मिळावा म्हणून तिथल्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला अर्ज आणायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला फाइल ज्यांच्याकडे असते ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला एक फिकट झेरॉक्स हातात पडली, कडेचे आकडे अर्धे पुसलेले. नटांवर समोरून उजेड टाकणारे लाईट ज्या दांड्याला टांगतात त्याबद्दल मी विचारलं, "फ्रंट बार अजून इथेच आहे ना?" मान वर न करता उत्तर आलं, "नकाशात आहे तसंच आहे."

तसं नव्हतं. नूतनीकरणात तो बार मागे, बाल्कनीच्या दिशेला सरकवला होता आणि नकाशा त्याच्या आधीचा होता. पण माझी खरी घोडचूक वेगळीच. त्या वेळी सभागृहाचं दार उघडं होतं, आत झाडलोट चालली होती. दोन मिनिटं आत जाऊन वर बघितलं असतं तरी कळलं असतं. मला परतीची एसटी गाठायची होती. मी गेलो नाही.

पुढचे दहा दिवस त्या झेरॉक्सवरून थ्रीडी रंगमंच उभा केला. आईचं लांबलचक स्वगत होतं, ती मागच्या भिंतीपासून दोन मीटरवर उभी. नकाशाप्रमाणे फ्रंट बार तिच्यापासून आडव्या अंतरात साडेचार मीटर आणि चेहऱ्यापेक्षा ४.२ मीटर उंच, म्हणजे कोन साधारण ४३ अंश. लॅपटॉपवर सावली तिच्यामागे जमिनीवरच संपायची. भिंत काळोखात, चेहरा तेवढा उजळ. प्रत्यक्षात अंतर निघालं आठ मीटर. उंची तीच, कोन २८ अंशांवर आला. सावली लांबली आणि दोन फूट भिंतीवर चढली. तिने हात उचलला की हाताची सावली आणखी वर. शिवाय लाईटपासून चेहऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर सहा मीटरचं नऊ झाल्यामुळे उजेड निम्म्याहून कमी. मी लेव्हल वाढवली तशी भिंतही उजळली.

पडदा उघडायला दीड तास होता. तिला एक मीटर पुढे आणलं, तेव्हा सावली भिंतीच्या अलीकडे जमिनीवर थांबली. पण बाजूच्या विंगेतला लाईट जुन्या जागेवर फोकस केलेला, ती त्याच्या बाहेर गेली. महिनाभर तिने त्या एकाच जागेवर तालीम केली होती. "मग मी नक्की कुठे उभी राहू?" असं ती शांतपणे विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला अजून टोचतं.

सार्वजनिक नाट्यगृहांनी मापांसह एक पानाचा अद्ययावत नकाशा द्यावा, ही मागणी फार मोठी नाही. बारांची उंची, पडद्याच्या रेघेपासूनचं अंतर, सर्किट किती, डिमर (लाईट मंद-तेज करणारी यंत्रं) किती वॉटचे, बस. भाडं वेळेवर घेता, मग हे एक पानही द्या. असो.

तर पहिला खर्च लेझर मीटरचा, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा करा. दोन-अडीच हजारांत चांगला मिळतो. मुख्य पडद्याची रेघ शून्य धरा आणि सगळी मापं तिथून घ्या. बारची उंची तो वर नेऊन बांधल्यावर मोजा. फूट आणि मीटर मिसळू नका, नकाशा फुटांत आणि सॉफ्टवेअर मीटरमध्ये असा घोळ मी अनेकदा पाहिलाय. मोबाईलवर प्रत्येक बारचा फोटो काढा, वर कुठे एसीचा डक्ट आडवा येतो ते त्यात दिसतं.

आता सॉफ्टवेअर. माझा नियम असा की नाट्यगृहात किंवा भाड्याने जो डेस्क (लाईट चालवायचं कंट्रोल) मिळणार, त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं. कॅमसिसचा डेस्क असेल तर मॅजिकक्यू आणि त्याचं मॅजिकव्हिस फुकट आहे. ईटीसीचा असेल तर ईऑसमध्ये ऑगमेंटथ्रीडी येतं. ग्रँडएमए३ डेस्कच्या ऑनपीसी या लॅपटॉप आवृत्तीतही थ्रीडी आतच आहे, पण ८ जीबीवर तुमचा जीव मेटाकुटीला येईल. कॅप्चर नावाचं व्हिज्युअलायझर मला दिसायला सगळ्यात आवडतं. विद्यार्थ्यांसाठी त्याची मोफत आवृत्ती असते, तुम्ही अजून कॉलेजात असाल तर आधी ती बघा. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर येत असेल तर ब्लेंडरडीएमएक्स फुकट आहे, शिकायला मात्र वेळ लागतो. आणि तिथे साधा स्लायडरचा डेस्क असेल, तर व्हिज्युअलायझरमध्ये क्यू (प्रसंगागणिक लाईट बदलण्याच्या नोंदी) प्रोग्राम करत बसू नका, ते तिकडे नेताच येणार नाहीत. फक्त कोन, सावल्या आणि रंग बघा.

आहे तेच सॉफ्टवेअर खऱ्याच्या जवळ आणायचं तर सगळ्यात आधी धूर शून्य करा. बहुतेक ठिकाणी तो सुरुवातीपासून चालू असतो आणि हवेतल्या झोतांवर आपण भाळतो. तुमच्या नाट्यगृहात धुराचं मशीन नसेल तर त्यातलं काहीच दिसणार नाही. मग ऑटो एक्स्पोजर (चित्राचा उजेड आपोआप जुळवणारी सोय) असेल तर बंद करा, नाहीतर २० टक्के आणि ८० टक्के जवळपास सारखेच भासतात. मॉडेलमधल्या माणसांना आपल्या नटांचा वर्ण द्या आणि कपड्यांचे खरे रंग द्या. राखाडी पुतळ्यावर ठरवलेलं जिलेटिन (लाईटपुढे लावायचा रंगीत कागद) सावळ्या चेहऱ्यावर वेगळंच पडतं.

पार ६४ हा नाटकात नेहमी दिसणारा लाईट सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून घेताना आतला दिवा कोणता ते बघा. सीपी ६० अरुंद, ६१ मध्यम, ६२ रुंद. झोत लंबगोल असतो, म्हणून दिवा फिरवला की रंगमंचावरचा आकारही बदलतो. हॅलोजन मंद केला की पिवळा-तांबूस होतो, त्यामुळे ३० टक्क्यांवरचं निळं जिलेटिन लॅपटॉपसारखं निळं कधीच राहत नाही. जुन्या, धूळ बसलेल्या पारना मी मॉडेलमध्ये ६०-७० टक्क्यांच्या वर मोजतच नाही. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही, तुमच्याकडचे दिवे बघून ठरवा.

मूव्हिंग हेड (डेस्कवरून फिरवता येणारे लाईट) असतील तर कंपनीची जीडीटीएफ फाइल शोधा, त्यात त्या लाईटची सगळी माहिती सॉफ्टवेअरसाठी दिलेली असते. हा फॉरमॅट २०२० साली डीआयएन या जर्मन मानक संस्थेचा स्पेक १५८०० म्हणून प्रसिद्ध झाला आणि आता बरीच सॉफ्टवेअर तो वाचतात. भाड्याच्या स्वस्त एलईडी पारची फाइल बहुधा मिळत नाही. लाईटवाल्याला फोन करून तो लाईट सात चॅनेलच्या मोडवर चालवणार की आठच्या (चॅनेल म्हणजे लाल, हिरवा अशा एकेका गोष्टीचं वेगळं नियंत्रण), हे विचारून स्वतःच बनवा. एका चॅनेलचा फरक पडला की लाल मागितल्यावर हिरवा येतो.

फ्रंट बारचं अंतर आणि उंची मोजलीत की इथेच लिहा, नट कुठे उभा राहतो तेही लिहा. सावली कुठपर्यंत जाईल ते मी काढून देतो.