त्याने ‘नाही’ म्हटलं, तर पेजचं काय?

प्रश्न : मी सांगलीत बालवाडी शिक्षिका आहे. पगार १४ हजार. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून मी आईपणावर इन्स्टाग्रामवर रील टाकते. आता ७२ हजार फॉलोअर्स आहेत. एका एजन्सीने बाळांच्या तयार आहाराच्या चार रीलचे ३० हजार देऊ केलेत, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. मिस्टर म्हणतात, नोकरी सोड आणि हेच पूर्णवेळ कर. पण परवा मुलगा पडला, गुडघा फुटला आणि रडता रडता म्हणाला, “आई, हे शूट नको ना करू.” मोबाइल माझ्या हातातही नव्हता. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, प्रश्न तुम्ही नोकरीचा विचारलात, पण पत्र त्या फुटलेल्या गुडघ्यापाशी अडलंय. माझं वाचनही तिथेच अडलं.

आधी एजन्सीचं उरकते, ते सोपं आहे. नाही म्हणून कळवा. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, दूधबाटल्या आणि तयार आहार यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात येतो आणि कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. ‘जाहिरात नाही हो, तुमचा अनुभव सांगा फक्त’ असं ते म्हणतील. अनुभवाचे पैसे घेतले की ती जाहिरातच. एजन्सीला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. अडकणार मात्र चेहरा दिसतो ती बाई.

आता नोकरी. सहा महिन्यांत मिळालेल्या कामांची वही काढा. रोख किती आणि ‘बार्टर’ किती, म्हणजे पैशांऐवजी आलेली डायपरची खोकी आणि खेळणी किती, ते वेगळं लिहा. (खोकी फुकट नसतात. एका कंपनीकडून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आल्या, तर २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, आहे.) मग प्रत्येक कामापुढे लिहा : मुलं फ्रेममध्ये नसती तर हे मिळालं असतं का? ‘नाही’ असं बहुतेक ओळींपुढे आलं, तर पेज तुमचं नाही, मुलाचं आहे. तुम्ही त्याच्या मॅनेजर आहात. आणि आठ-नऊ वर्षांचा झाला की तो काम सोडणार. गुडघा फुटला तेव्हा त्याने नोटीस दिलीच आहे.

या धंद्यातली मला सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट पैशांची नाही. शांत, जेवणारं, खेळणारं मूल दिसलं की लोक अंगठ्याने पुढे सरकवतात. हट्ट, ताप, रडणं दिसलं की थांबतात. आकडे रोज हेच शिकवतात, आणि एखादी चांगली आईही रडणाऱ्या पोराला उचलण्याआधी क्षणभर मोबाइल शोधते. तुम्ही त्या दिवशी शोधला नव्हता. पण त्याला वाटलं, शोधणार.

अमेरिकेत युटा राज्यात रूबी फ्रँकी नावाची सहा मुलांची आई होती. २०१५ मध्ये तिने ‘एट पॅसेंजर्स’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं आणि सबस्क्रायबर २० लाखांच्या वर गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा बारा वर्षांचा मुलगा तिच्या भागीदारीणीच्या घराच्या खिडकीतून पळाला आणि शेजाऱ्याकडे अन्नपाणी मागितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या छळाबद्दल तिला तुरुंगवास झाला. तुमची तिच्याशी तुलना मी करत नाही, आणि शिक्षा व्हिडिओंबद्दल झालेलीही नाही. पण तिच्या थोरल्या मुलीने नंतर तिथल्या आमदारांपुढे जे सांगितलं ते ऐका : लाजिरवाणा प्रसंग चित्रित करू दिला की मुलांना शंभर डॉलर किंवा खरेदी मिळायची. आपल्याकडे ‘एक पोझ दे, मग कॅडबरी’ असतं. रक्कम बदलली, इतकंच.

बालकलाकारांसाठी आपल्याकडे २०१७चे नियम आहेत : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून शूट करणाऱ्या आईकडे हे तपासायला कोणी येत नाही. तुम्हीच तपासा. आजवरच्या रोख कमाईचा पाचवा हिस्सा या महिन्यात दोन्ही मुलांच्या नावे ठेवा. मिस्टर कुरकुरतील. कुरकुरू द्या.

नोकरी निदान हे शैक्षणिक वर्ष सोडू नका. १४ हजार कमी आहेत, पण ते आकड्यांवर अवलंबून नाहीत. आता एक महिना मुलांशिवाय रील करा. तुमच्याकडे जे आहे ते आम्हा घरच्या आयांकडे नाही : पंचवीस मुलांना एकाच वेळी डबा खायला बसवणं! आम्हाला एकाला भरवताना घाम फुटतो. ते कसं करता, चावणाऱ्या मुलाशी काय बोलता, पहिल्या दिवशी रडणाऱ्याला दारातून आत कसं आणता, ते स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगा. (वर्गातली मुलंही फ्रेममध्ये नकोत हं.) रीच पडेल, म्हणजे रील कमी लोकांपर्यंत पोचतील, घाबरू नका. महिन्याअखेरी लाइक मोजण्याऐवजी विचारणा मोजा. रविवारची पालक कार्यशाळा ठेवून बघा, २०० रुपये फी लावून. दहा जणी आल्या तरी खूप झालं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, त्यामुळे या वयाला शिकवणं जाणणाऱ्या माणसाला पुढे वाव आहे. इग्नूचा बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतो. त्याची चौकशी करा.

उरल्या जुन्या रील. आंघोळीच्या, शी-शूच्या आणि आजारपणाच्या आज रात्रीच काढा, कोणाला विचारू नका. आर्काइव्ह नको, डिलीटच. बाकीच्या रील मुलाला शेजारी घेऊन बघा. तो म्हणेल ती ठेवायची, नको म्हणेल ती त्यालाच पुसू द्या. दोन-तीन संध्याकाळी जातील. एखादी तुमची सगळ्यात जास्त चाललेली रील तो पुसेल, तेव्हा चेहरा सांभाळा.