चुना टाकायच्या आधी सामू बघा

दादा, शेजाऱ्याने टाकला म्हणून चुना टाकू नका. आधी माती परीक्षण करून सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता सांगणारा आकडा; जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) बघा. आपल्या कोकणात धो धो पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं, म्हणून जांभ्याची माती आम्लधर्मी. तरी भाताच्या खाचरात पाणी साचलं की सामू आपोआप वर सरकतो, म्हणजे आम्लता कमी होते. चुन्याचा खरा फायदा वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीतल्या भुईमुगाला. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी, वारा पडलेला असताना, बारीक दळलेली भुकटीच पसरा आणि १५ सेंमीपर्यंत मिसळा. खडे नुसते पडून राहतात. युरिया किंवा ताजं शेण सोबत अजिबात नको, नत्राचा अमोनिया होऊन उडतो, वासावरूनच कळतं. घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र चुना टाकूच नका.