पाटकऱ्याची पोर सांगते

तुम्ही विचारलंय की नदीकाठच्या गावात लहानपण गेलेल्यांना त्यातलं काय आठवतं, आणि तेव्हाचं गाव खरंच एकोप्याचं होतं का. माझं माहेर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठावर. माझे वडील गावाचे पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना पाळीने भरून देणारे, त्यामुळे माझ्या आठवणी पाण्यापासूनच सुरू होतात.

पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरातून येते आणि साक्री, धुळे करत मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर जुन्या लोकांनी जागोजाग दगड-चुन्याचे बंधारे घातलेत, त्यातले काही तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये, म्हणजे मोठ्या पट्ट्यांमध्ये, वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आमच्याकडे एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी असायची, आणि पुढच्या साली फड बदलायचे. बहुतेक घरांचा प्रत्येक फडात एखादा तुकडा होता, म्हणून पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच थोडं थोडं कमी पडायचं. आणि मुख्य नियम असा की शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी भरायचं ते पाटकऱ्यानेच. कोणी रात्री गुपचूप पाणी वळवलं तर पंच दंड लावायचे.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आमची स्वतःची जमीन वीतभरही नव्हती. पण फावडं खांद्यावर टाकून नाना पाटावरून निघाले की पन्नास बिघ्यांचा मालकही वाट सोडून उभा राहायचा. एकदा मी संध्याकाळची भाकरी घेऊन फडात गेले होते. गावातले एक मोठे शेतकरी नानांना म्हणाले, ‘‘मनं वावर आजच भरी दे ना.’’ नाना पाण्यातून पायही न काढता म्हणाले, ‘‘तुमनी पाळी सकाय शे, आण्णा.’’ म्हणजे तुमची पाळी उद्या आहे. आण्णा काही न बोलता परत गेले. दुसऱ्या दिवशी खरंच आधी त्यांचंच वावर भरलं, कारण पाळी त्यांची होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. बापाबद्दल मला जो अभिमान आहे तो त्या संध्याकाळचा आहे.

नानांचं काम मी अगदी जवळून पाहिलंय. चारीतून वाफ्यात पाणी सोडायचं तर फावड्याने मातीचं एक ढेकूळ काढायचं, बस. पाणी आधी भेगांमध्ये जायचं, मातीतून बुडबुडे यायचे, खेकडे बाहेर पळायचे, आणि वाफा भरत आला की नाना पावलाने माती दाबून बघायचे. पाय घोट्यापर्यंत गेला तर पुरे. मग तेच ढेकूळ परत जागेवर, वर दोन थापा. रात्री कंदिलाच्या उजेडात ते फावडं चमकायचं तेवढंच लांबून दिसायचं. मजुरी धान्यात मिळायची. खळ्यावर रास झाली की पाटकऱ्याचा वाटा आधी बाजूला निघायचा. गुळाच्या दिवसांत गुऱ्हाळावरून काकवीची कळशी यायची, ती आई डाळीच्या डब्यांमागे लपवून ठेवायची.

उन्हाळ्यात बंधाऱ्यातला गाळ काढायला घरटी एक माणूस जायचा. ज्याला जमत नसेल त्याने मजूर द्यायचा. आम्हा पोरांना तो दिवस सणासारखा, कारण गाळात मासे सापडायचे.

पावसाळ्यात मोठा पूर आला की बाया नदीची ओटी भरायच्या आणि धाडसी माणसं वाहत येणारी लाकडं ओढून काढायची. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसायची आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर जायची. रोटाचा प्रसाद मात्र फक्त भाऊबंदांनी खायचा, शेजाऱ्याला चिमूटभरही नाही. फडात पाणी भरताना नाना जेवढे सगळ्यांचे होते, तेवढे रोटाच्या दिवशी नव्हते. हे मला लहानपणीही खटकायचं.

नदीचे खरे दिवस आम्हा मुलींसाठी आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. तेव्हा पात्र कोरडं असायचं, पांढरी वाळू आणि मध्ये कुठेतरी डबकं. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. पोरी गौराईची गाणी म्हणत नदीवर पाणी आणायला निघायच्या. आणि मग बार. आमच्या काठावर आम्ही, पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या बाया, आणि दोन्हीकडून शिव्यांची गाणी. एरवी तोंड न उघडणाऱ्या सुना त्या दिवशी जे म्हणायच्या, ते मला इथे लिहिता येणार नाही. कधी खडेही यायचे. माझी मावशी त्या पलीकडच्याच गावात दिलेली होती. बारात ती आम्हाला शिव्या द्यायची आणि संध्याकाळी नदी ओलांडून आमच्याकडे जेवायला यायची. आखाजीलाच वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारांचं नवं साल ठरायचं आणि आमच्या गावात पाटकऱ्याचंही. पुढच्या वर्षी काम राहतंय की नाही, या काळजीत आईला त्या दिवशी मांडा गोड लागत नसे.

उन्हाळ्यात प्यायचं पाणी झिऱ्याचं. वाळूत हाताने खड्डा उकरायचा, कोपरभर खोल गेलं की ओल लागते. पहिलं गढूळ पाणी वाटीने काढून टाकायचं, दुसरंही टाकायचं, आणि मग थांबायचं. बाजूच्या वाळूतून निवळशंख पाणी झिरपायला लागलं की वाटी-वाटीने घागर भरायची. एका घागरीला अर्धा तास सहज जायचा. माझ्या आजीचं म्हणणं असं की झिऱ्यावर घाई करणारी सून संसारातही घाई करते, म्हणून ती मला मुद्दाम बसवून ठेवायची. १९७२च्या दुष्काळात ते झिरे माणसाच्या उंचीएवढे खोल गेले होते. आत एक बाई उतरायची, वाटीने भरून वर देणार आणि वरची घागरीत ओतणार. तेव्हा गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जायची आणि घरात मिलोच्या, म्हणजे तेव्हाच्या लाल ज्वारीच्या, भाकरी व्हायच्या.

तुमच्या एकोप्याच्या प्रश्नाचं उत्तरही झिऱ्यापाशीच आहे. आमचे झिरे वरच्या अंगाला होते, महारवाड्यातल्या बायांचे खालच्या अंगाला. सगळी एकच नदी, एकच वाळू. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिकडे बसून पाणी भरायची, मी इकडे. आम्ही लांबून एकमेकींना हात करायचो. एकदा मी माझी घागर घेऊन तिच्याकडे गेले तर आजीने सगळ्यांसमोर मला ओढत परत आणलं. फडाचं पाणी वाटताना जे गाव इतकं न्यायाने वागायचं, त्याला पिण्याच्या पाण्यात हा न्याय दिसत नव्हता. मला दोन्ही गोष्टी तितक्याच आठवतात आणि एक सांगताना दुसरी गाळावी असं मला वाटत नाही.

पुढे विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्याकडे विहीर त्याने फडाबाहेर हवं ते पीक घ्यायला सुरुवात केली. मग गाळ काढायला माणसं येईनात. वर धरणं झाली. आता अक्कलपाडा धरणातून आवर्तन सुटलं की नदीला पाणी दिसतं. वाळूही ट्रॅक्टरनी गेली, झिरा उकरायला जागा राहिली नाही. नानांचं पाटकरीपण संपलं त्या वर्षी त्यांनी फावड्याचा दांडा काढून ठेवला आणि पातं तेल लावून माळ्यावर टाकलं. ते अजून तिथेच आहे.

बंधारा मात्र शाबूत आहे. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. नाना असताना रात्री ती सांडव्याचा आवाज ऐकून त्यांना उठवायची. पाणी किती आलं हे तिला आवाजावरून कळायचं. या पावसाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. पहाटे तीनला तिने मला हलवलं आणि म्हणाली, ‘‘ऊठ माय, सांडवा बोलस.’’ मी कान देऊन ऐकलं, मला फक्त पावसाचा आवाज येत होता. सकाळी बंधाऱ्यावर जाऊन पाहिलं तर सांडव्यावरून हातभर पाणी पडत होतं.