आधी शाळा, मग घर, मग तिकीट

विशेष मुलाला घेऊन परदेशी जाण्याबद्दलची पाच पत्रं या वेळी एकदम आली. बाकीचे विषय पुढच्या वेळी.

यजमानांना ऑस्ट्रेलियात कायमचं जायची संधी आहे. मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहूच नका, दिसायला तर तो अगदी नॉर्मल आहे. (इंदिरानगर)

एजंट बदला. तिथल्या कायमच्या व्हिसाला घरातल्या प्रत्येकाला आरोग्याची अट पार करावी लागते, आणि एक नापास तर सगळे नापास. म्हणून एजंटला लपवायची घाई. पण खोटी माहिती उघड झाली तर व्हिसा जातोच, वर तीन वर्षं दार बंद. शिवाय मेडिकलला मुलगा डॉक्टरांसमोर बसणारच आहे. सात वर्षांचं मूल नाव सांगत नसेल तर डॉक्टर काय समजायचं ते समजतात.

तिथे निदानाच्या नावापेक्षा खर्च बघतात: या मुलावर सरकारचे ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे जातील का? ती मर्यादा जुलै 2024 मध्ये 51,000 वरून 86,000 ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. त्यामुळे रिपोर्टमधल्या शब्दांना वजन आहे. 'गंभीर, सतत देखरेख हवी' असं सवयीनं लिहिलेलं वाक्य महागात पडतं. मुलगा स्वतः जेवतो, संडासला सांगतो, वर्गात बसतो, हे खरं असेल तर ते लिहून घ्या. नोकरीच्या काही व्हिसांत सूट मागता येते. कोणता व्हिसा आहे ते कंपनीला आजच विचारा. कॅनडाचा पर्याय असेल तर तोही बघा. त्यांनी 2018 पासून विशेष शिक्षणाचा खर्च अशा हिशेबातून काढून टाकलाय.

जूनमध्ये न्यू जर्सीला जातोय. मुलगी नऊ वर्षांची, डाउन सिंड्रोम. सिव्हिलचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) आहे. शाळा मिळेल ना? (गंगापूर रोड)

मिळेल, आणि फुकट मिळेल. अमेरिकेत 1975 पासून कायदाच आहे. अपंगत्व कितीही असो, सरकारी शाळेला मूल नाकारता येत नाही. यूडीआयडी कार्ड मात्र तिथे कोणी बघणार नाही. शाळा स्वतः तपासणी करते आणि मुलीसाठी वर्षभराचा लेखी आराखडा बनवते, त्याला आयईपी म्हणतात. मागणी लेखीच करा. न्यू जर्सीत लेखी अर्ज पोचला की वीस दिवसांत शाळेला बैठक बोलवावी लागते; बाईंशी गेटवर झालेल्या बोलण्याला मुदत नसते.

कोणती शाळा मिळणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं. इथे आपण आधी फ्लॅट बघतो आणि मग रिक्षावाले काका शोधतो. तिथे उलटं करा: दोन-तीन गावांच्या शाळांना विशेष वर्गाबद्दल ईमेल पाठवा, उत्तर कसं येतं ते बघा, मग घराचा करार.

लसींचं आताच उरका. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. तिकडची शाळा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हींची लस) मागेल, कांजिण्यांची लसही. हृदयाची इको आणि थायरॉइडचे रिपोर्ट इंग्रजीत, हातातल्या बॅगेत. आणि एचआरला विचारा, कंपनीचा विमा 'सेल्फ फंडेड' आहे का, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनीऐवजी कंपनी स्वतः भरते का. असेल तर थेरपीचा खर्च द्यायलाच हवा असे राज्याचे नियम त्याला लागू होत नाहीत. ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे कळायला हवं.

मुलगा स्वमग्न. थेरपिस्ट म्हणाल्या, कॅनडाला जायचंय तर आतापासून घरात इंग्रजीच बोला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. (सिडको)

सासूबाईंना मराठीच बोलू द्या. दोन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. मागे पडतं ते घरात बोलणंच कमी झाल्यानं. एका घरात मी पाहिलंय: बाबा दिवसभर 'कम, सिट, ईट' एवढंच म्हणायचे आणि आजी गप्प बसून राहायची. मुलाला एक भाषा मिळाली नाहीच, एक माणूस मात्र गेलं. मूल बोलत नसेल तर आयआयटी मुंबईचं 'जेलो' ॲप बघा. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही.

नातू सतरा वर्षांचा, मतिमंद. मुलगा-सून लंडनला निघालेत. मी म्हणते, वर्षभर त्याला आमच्याकडे ठेवा, जम बसला की न्या. (पंचवटी)

आजी, तुमची माया खरी, पण वय आड येतंय. आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर पहिल्यांदा जाताना मूल अठराच्या आत हवं. वर्ष गेलं की ती वाट बंद. इकडे अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. तेव्हा त्याला आत्ताच, सगळ्यांबरोबर जाऊ द्या.

तिकडे आरोग्याचा अधिभार व्हिसाच्या वेळीच भरतात. अठराखालच्यासाठी वर्षाला 776 पौंड. अपंग मुलांचा भत्ता व्हिसावरच्या घराला मिळत नाही, सुनेला तो हिशेबात धरू देऊ नका. शिक्षणाचा आराखडा मात्र मिळतो, अर्जापासून वीस आठवड्यांत व्हायला हवा, आणि तो पंचवीस वर्षांपर्यंत चालू शकतो. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाऊन सहा महिने राहू शकता. पहिल्या थंडीत त्याच्याजवळ तुम्ही असलात तर फार बरं.

मुलगा रांगेत दोन मिनिटं उभा राहत नाही. विमानतळाचं कसं करायचं? (नाशिक रोड)

तिकिटावर 'डीपीएनए' हा कोड टाकून घ्या. बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रवाशाला मदत लागते, असा त्याचा अर्थ. निदान 48 तास आधी कळवा. परवडत असेल तर आधी नाशिकच्या ओझर विमानतळावरून जवळची एखादी फेरी करून या, तालीम म्हणून. दुबईला जात असाल आणि मिथाइलफेनिडेटसारखं (अतिचंचलतेवरचं) औषध चालू असेल, तर तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीवर जेनेरिक नाव.

आणि त्याची झोपायची चादर निघायच्या आठवड्यात धुऊ नका. घरचा वास राहू द्या तिला.