‘विकत घ्या’ की ‘खरेदी करा’?

प्रश्न असा आहे: ई-पुस्तकांच्या एका ॲपचे मराठीकरण करताना ‘बाय’ या बटणावर ‘विकत घ्या’ लिहावे की ‘खरेदी करा’?

दोन्ही शब्द मराठीत मुरलेले आहेत. ‘खरेदी’ फारसीतून आली, ‘विकत’ हे ‘विकणे’चे रूप. बोलताना आपण वस्तू विकत घेतो आणि हिशेबात खरेदी मांडतो, एवढाच काय तो फरक. बटणावर मला बोलण्यातला ‘विकत घ्या’ जवळचा वाटला असता. पण बहुतेक ई-पुस्तकांच्या बाबतीत दोन्ही शब्द खोटे ठरतात, आणि तेच मला जास्त खटकते.

‘विकत घेणे’ या प्रयोगात घेणाऱ्याच्या क्रियेआधी विकणाऱ्याची क्रिया येऊन बसली आहे. कोणीतरी आपला हक्क सोडला, तेव्हा दुसऱ्याने वस्तू विकत घेतली. ‘विकतचं दुखणं’ म्हटले की ते निस्तरणारे आपणच, हे वेगळे सांगावे लागत नाही, इतकी ही मालकी भाषेत गृहीत आहे. ‘खरेदी’चेही तेच. खरेदीखत, भाडेकरार आणि गहाणखत यांत कोणी घोळ करत नाही.

ई-पुस्तकाच्या अटी वाचल्या, तर तिथे सहसा विक्री नसतेच. मिळतो तो वापराचा परवाना. पुस्तक मित्राला देता येत नाही, पुन्हा विकता येत नाही, आणि खाते बंद झाले तर तेही जाते. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलवरून त्यांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तके परस्पर पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. तरीही विकलेल्या वस्तूपर्यंत विकणाऱ्याचा हात पोहोचतो, तर ती विकली होती असे कसे म्हणायचे? 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा आधी घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत दिले गेले, पण पुस्तके गेली ती गेलीच.

कॅलिफोर्नियाने यावर कायदाच केला. 1 जानेवारी 2025 पासून तिथे डिजिटल वस्तूला ‘बाय’ म्हणायचे असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागते किंवा त्याची तशी स्पष्ट कबुली घ्यावी लागते. एका क्रियापदासाठी कायदा करावा लागला, यातच ते किती दिशाभूल करत होते ते कळते.

मग मराठीत काय लिहावे? ‘भाड्याने घ्या’ चालणार नाही, कारण भाड्याला मुदत असते आणि ती आधी ठरते. इथे मुदत सांगितलेली नसते, फक्त ती संपवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातात असतो. ‘परवाना घ्या’ अचूक आहे, पण वाचकाला सरकारी खिडकी आठवेल. ‘भोगवटा’ हा अर्थाने सुंदर शब्द, पण तो जमिनीला आणि घराला चिकटलेला. मासिक शुल्काच्या योजनेला ‘वर्गणी’ हा शब्द आहेच आणि तो प्रामाणिक आहे: वर्गणी थांबली की अंक थांबतो, हे सगळ्यांना ठाऊक असते.

एकरकमी पैसे घेऊन फक्त वाचू देणाऱ्या पुस्तकासाठी मी ‘वाचनहक्क घ्या’ सुचवेन. चित्रपट, खेळ वगैरेंसाठी ‘वापरहक्क घ्या’. जिथे कुलूप नसलेली फाइल कायमची उतरवून घेता येते आणि दुकान बंद झाले तरी उघडते, तिथे ‘विकत घ्या’ निःशंक लिहावे. एकाच ॲपमध्ये दोन्ही प्रकारची पुस्तके असतील, तर बटणेही दोन वेगळी ठेवावीत. कंपनीने ‘विकत घ्या’चाच आग्रह धरला, तर बटणाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘मालकी मिळत नाही’ एवढे तीन शब्द तरी मागून घ्या.