पहिलीशी बांधलेली गाठ

‘मावशी, मी ३४ वर्षांची. सॉल्ट लेक सिटीत नोकरी करते. ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय तो मॉर्मन आहे, विधुर आहे, त्याला ९ वर्षांची मुलगी आहे. सांगलीला आईला कळल्यापासून रडारड चालू आहे. आत्याने एक व्हिडिओ पाठवला, त्यात एका माणसाभोवती १०-१५ बायका. आई म्हणते, “तुला काय सवतीवर देऊ?” मी तिची समजूत काढत होते. पण परवा त्याची बहीण सहज बोलून गेली, की तो पहिल्या बायकोशी कायमचा ‘सील’ झालाय, मेल्यानंतरसुद्धा. तेव्हापासून मला झोप नाही. आई म्हणते ते खरंच आहे का?’

पोरी, आईची भीती वेगळी आणि तुझी वेगळी. आईची आधी मिटवू, कारण ती मिटण्यासारखी आहे.

मॉर्मन हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याने १८४३ मध्ये इलिनॉयमधल्या नावू गावी एकाहून अधिक बायका करण्याचा साक्षात्कार लिहवून घेतला. पुढे युटात, म्हणजे तू राहतेस त्याच राज्यात, आल्यावर, १८५२ मध्ये, चर्चने ते उघडपणे जाहीर केलं. मग अमेरिकी सरकारने कायद्यांवर कायदे केले. १८८७ च्या कायद्याने तर चर्चची मालमत्ताच जप्त होऊ लागली. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ही लग्नं थांबवण्याचा जाहीरनामा काढला. तरी काही लग्नं गुपचूप होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला. आज तुझ्या मित्राच्या चर्चमध्ये, म्हणजे एलडीएस (लॅटर-डे सेंट्स) या मुख्य मॉर्मन चर्चमध्ये, कुणी दुसरी बायको केली तर त्याला बाहेर काढतात.

आत्याच्या व्हिडिओतले लोक बहुधा फुटून निघालेल्या पंथांतले. युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी ही त्यांची जुनी गावं. त्यांच्यातल्या एफएलडीएस (फंडामेंटलिस्ट एलडीएस) पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांसाठी २०११ पासून टेक्सासमध्ये जन्मठेप भोगतोय. आणि अगदी दुसऱ्या टोकाला आहे कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, स्मिथच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये उभी राहिलेली शाखा. त्यांनी ही प्रथा कधी मानलीच नाही. आमच्या संस्थापकाने असं काही केलंच नव्हतं, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. उलट एलडीएस चर्चने २०१४ मध्ये स्वतःच लिहून टाकलं, की स्मिथच्या ३० ते ४० बायका असाव्यात आणि त्यांतली एक १५ वर्षांचीही नव्हती.

आईला आणखी एक सांग. आपल्या मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याने बंदी आली ती १९४६ मध्ये. माझ्या आजीला सवत होती. एका वाड्यात दोन चुली मी पाहिल्यात. आपल्याकडचं एवढं जवळचं आहे, तेव्हा त्या मुलाला पणजोबांच्या काळावरून तोलू नये.

आता तुझं. इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. त्याची बहीण म्हणाली ते खरं आहे. त्यांच्या मंदिरात झालेलं सीलिंग, म्हणजे कायमची बांधलेली लग्नगाठ, मरणाने तुटत नाही, असं ते मानतात. बायको गेली तर पुरुष दुसरीशीही सील होऊ शकतो आणि दोन्ही गाठी राहतात. जिवंत बाईला मात्र एकाच पुरुषाशी सील होता येतं. १८४३ चा तो साक्षात्कार आजही त्यांच्या धर्मग्रंथात आहे. म्हणजे इथे एक बायको, पण परलोकाचं दार त्यांनी पूर्ण लावलेलं नाही. हा विषमपणा मला खुपतो आणि त्या चर्चमधल्या कितीतरी बायकांनाही खुपतो.

तुझा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस. चर्चचे आताचे अध्यक्ष डॅलिन ओक्स यांनी ऑक्टोबर २०१९ च्या भाषणात अशाच एका पत्राबद्दल सांगितलं होतं. विधुराशी मंदिरात लग्न करू पाहणाऱ्या बाईने विचारलं होतं, परलोकात मला माझं वेगळं घर मिळेल का, की त्याच्या पहिल्या बायकोबरोबर राहावं लागेल? ओक्स स्वतः पहिली पत्नी गेल्यावर दुसरीशी सील झालेले. त्यांनी तिला देवावर भरवसा ठेवायला सांगितलं. त्यांची श्रद्धा मी समजू शकते, पण त्या बाईला काय वाटत असेल हे कुणीतरी तिच्याजवळ बसून ऐकायला हवं होतं.

तुला ऐकणारा माणूस समोर आहे. त्याला विचार. तू त्यांच्या चर्चमध्ये नाहीस, त्यामुळे तुमचं लग्न कायद्याचं होईल, मंदिरातलं नाही. त्याला हे पुरेसं आहे, की पुढेमागे तू बाप्तिस्मा घेशील अशी आशा तो मनात धरून आहे? ती आशा असेल तर आज कळू दे, लग्नानंतर पाच वर्षांनी नको. पुढे तुम्हाला मूल झालं आणि तुम्ही सील नसलात, तर ते मूल आपलं कायमचं नाही असं त्याला वाटेल का? हेही विचार. ‘आत्ता कशाला तो विषय’ असं तो म्हणाला तर लग्नाची तारीख धरू नकोस.

पण पहिलीशी असलेली गाठ सोडवून ये, असं त्याला सांगू नकोस. ती त्या ९ वर्षांच्या मुलीची आई आहे. आपल्याकडे दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची. त्यात धाक होता, हे मला माहीत आहे. पण गेलेलीला घरात जागा असायची. तुला टाक घालायचा नाही, पण तिचा फोटो भिंतीवर राहिला तर तुला तिथे सुखाने जेवता येईल का, हे मात्र तुझं तुलाच बघावं लागेल.

आणि आईला व्हिडिओ कॉलवर आधी त्या मुलीशी बोलू दे. आत्याला नंतर बघू.

तुझी,
मावशी